आजीचा लखलखीत डबा आणि बाजारातला काळवंडलेला अडकित्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात आजीचा पितळी पानाचा डबा आहे. झाकणावरची नक्षी पुसट झाली आहे, पण डबा अजून लखलखीत आहे. त्याला जोड म्हणून तुम्ही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून पोपटजोडीचा अडकित्ता आणला. विकणाऱ्याने तो पेशवेकालीन असल्याचं सांगितलं. तो काळपट आहे, मधूनमधून हिरवाही. काचेच्या कपाटात दोन्ही शेजारी ठेवले की डबाच नवा वाटतो, म्हणून नात्यातल्या कोणीतरी सुचवलं की डब्यालाही केमिकल लावून 'अँटिक फिनिश' करून घ्या. ते करावं का, आणि अडकित्ता खरा आहे का, असं तुम्ही फोटो पाठवून विचारलं आहे.

डब्याला असलं कोणतंही केमिकल लावू नका. तुमच्या कपाटातली जुनी वस्तू तो डबाच आहे. अडकित्त्याचं पितळी अंग माझ्या मते अलीकडचं ओतीव आहे आणि त्याचा काळा-हिरवा रंग चढवलेला आहे. फोटोवरून शंभर टक्के खात्री देता येत नाही, म्हणून घरच्या घरी काय काय तपासायचं ते खाली लिहितो.

मी पुण्यात जुन्या घरगुती वस्तूंची दुरुस्ती करतो. मुख्यतः पितळ, तांबं, लोखंड आणि थोडंफार लाकूड. त्याच हातांनी नाटकांसाठी आणि चित्रीकरणासाठी नव्या वस्तू जुन्या करूनही देतो. वस्तू जुनी होते कशी आणि जुनी करतात कशी, हे दोन्ही माझ्या रोजच्या कामातलं आहे. म्हणूनच या दोहोंची गल्लत झालेली मला बघवत नाही, विशेषतः आजीच्या डब्याच्या बाबतीत.

जुनं पितळ म्हणजे काळं पितळ, ही समजूत आपल्याकडे शोभेच्या वस्तूंच्या दुकानांनी रुजवली. आपल्या घरांत पितळ काळं राहूच दिलं जात नसे. चिंच आणि राख, विटेची पूड, पुढे पीतांबरी. रोजची भांडी रोज घासली जायची, पूजेची सणावाराला, आणि माळ्यावरची निदान दसरा-दिवाळीला तरी. पिढ्यान्‌पिढ्या असं घासलेलं पितळ काळवंडणार कसं? ते झिजतं. नक्षी उथळ होते, कडा गोल होतात, पत्रा पातळ होतो, आणि हातात घेतल्यावर भांडं दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. घरात वापरलेल्या पितळेचं वय बघायचं तर रंग सोडून आधी आकार बघायचा.

आता तुमच्या डब्याचे फोटो पाहा. झाकणाच्या मधोमध वेलीच्या रेषा जवळजवळ गेल्या आहेत. पण कडेच्या कोपऱ्यांत, जिथे घासणाऱ्याचं बोट नीट शिरत नाही, तिथे पानांच्या शिरासुद्धा स्पष्ट आहेत. त्याच कोपऱ्यांत एक बारीक काळी रेघ आहे आणि तिच्यावर घासायच्या पावडरीचा पांढुरका थर बसलेला आहे. असा थर मुद्दाम बसवायचं कोणाला सुचत नाही, कारण तो अस्वच्छ दिसतो. कडी जिथे टेकते तिथे पत्र्यावर अर्धगोल खाच पडली आहे. झाकण उचलताना अंगठा जिथे लागतो तिथली कड दबली आहे, आणि ती डाव्या बाजूला जास्त दबली आहे. आजी डावखुऱ्या होत्या का, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून बघा. आतला एक कप्पा तपकिरी आहे, तो काताचा. चुन्याच्या डबीच्या गळ्याशी पांढरा दगडी थर आहे. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत चुनखडीसारखा टणक होतो. तो थर काही आठवडाभरात जमलेला नाही.

हे सगळं एकमेकांशी जुळतं. वापराच्या झिजेला कारण असतं आणि ते कारण वस्तूवर बोट ठेवून दाखवता येतं: इथे अंगठा लागायचा, इथे कडी पडायची, इथे बोट पोचत नव्हतं. वस्तू जुनी करणारा माणूस मात्र बघणाऱ्याच्या नजरेसाठी काम करतो. नजर जिथे आधी जाते तिथे तो खुणा करतो. मीही नाटकासाठी तेच करतो, कारण प्रेक्षक दहाव्या रांगेत बसलेला असतो.

अडकित्त्याकडे वळू. तो तपासायला फार चांगली वस्तू आहे, कारण त्यात दोन धातू आहेत, एक सांधा आहे, एक धार आहे, आणि हे चारही भाग आपापल्या गतीने झिजतात. चौघांची साक्ष जुळली तरच वस्तू खरी.

आधी पातं. सुपारीत टॅनिन भरपूर असतं. लोखंडाशी त्याची गाठ पडली की निळसर काळा थर तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र आले की जो काळा रंग उतरतो, त्यातली क्रिया हीच. वर्षानुवर्षं सुपारी कातरलेल्या पात्यावर हा थर धारेलगत घट्ट बसलेला असतो, आणि खुद्द धार मात्र उजळ असते. तुमच्या पात्यावर नारिंगी, भुकटीसारखा गंज आहे, तोही पाठीवर, पोटावर आणि धारेवर अगदी सारखा. मिठाच्या पाण्यात बुडवून उघड्यावर ठेवलेलं लोखंड असं दिसतं. अर्थात खरा जुना अडकित्ता दोन-चार पावसाळे गच्चीवर पडून राहिला तरी गंजतो, त्यामुळे नुसत्या गंजावर मी निकाल देणार नाही. गंजाखालचा आकार बघा. धार लावत गेलं की पातं अरुंद होत जातं. सगळीकडे सारखं नाही. सुपारी जिथे बसते तिथे ते जास्त आत जातं आणि तिथे किंचित खोलगट वळण येतं. तुमचं पातं टोकापासून खिळीपर्यंत सरळ रेषेत आणि पूर्ण रुंदीचं दिसतं. ते दोनशे वर्षं सोडा, दोन वर्षंही नियमित सुपारी कातरत होतं असं मला वाटत नाही.

मग खीळ. अडकित्त्याचे दोन्ही बाहू रोज उघडतात-मिटतात. खिळीचं भोक हळूहळू लांबट होतं आणि पातं बाजूला डुलायला लागतं. बाहूंच्या आतल्या अंगाला, जिथे ते एकमेकांवर घासतात, तिथे कमानीच्या आकाराचा गुळगुळीत पट्टा पडतो. हा पट्टा खोटा करणं अवघड असतं आणि सहसा कोणी करतही नाही, कारण गिऱ्हाईक तिथे बघत नाही. तुम्ही बघा. अडकित्ता पूर्ण उघडा आणि उजेडात आतली बाजू धरा. तुमच्या तिसऱ्या फोटोत जेवढं दिसतं त्यावरून आतही बाहेरच्याइतकाच काळा रंग आहे, पट्टा नाही. खिळीच्या माथ्यावरचे ठोके ताजे आहेत आणि त्यांच्यावरूनही तोच काळा रंग फिरला आहे. जुन्या अडकित्त्याची खीळ बदललेली असू शकते, त्यात गैर काही नाही. पण मग भोक जुनं आणि खीळ नवी असा विसंवाद दिसायला हवा. इथे भोकही नवं आहे.

आता पोपट. खरी फसगत इथे होते. पोपटांच्या चोची बोथट आहेत, मुठी गुळगुळीत आहेत, त्यामुळे वस्तू हाताळलेली वाटते. पण पंखांच्या खाचांत भिंग लावून बघा. खाचांचा तळही बोथट आहे. हाताने झिजलेल्या वस्तूत उंच भाग जातो आणि खोल भाग टिकतो. तुमच्या डब्याच्या कोपऱ्यांत हेच तर दिसलं. उंच आणि खोल दोन्ही सारखे विरले असतील तर बहुधा जुन्या अडकित्त्यावरून साचा घेऊन नवं ओतकाम केलेलं असतं. साच्यात मूळ वस्तूची झीजसुद्धा उतरते. कोणा दुसऱ्याच माणसाच्या बोटांनी झिजवलेली ती मूठ असते, फक्त तिची नक्कल. ओतीव पृष्ठभागावर बारीक दाणे आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, आणि कडेला साच्याच्या जोडाची रेघ कानशीने घासून काढल्याच्या समांतर रेषा सापडतात. धातू थंड होताना आकसत असल्यामुळे नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहानही निघते. हा फरक मात्र मूळ वस्तू शेजारी असेल तरच कळतो.

शेवटी हिरवा रंग. तांब्या-पितळेवर खरा थर हळू चढतो. खाली तांबूस थर, त्यावर हिरवा कार्बोनेट, आणि दोन्ही धातूला घट्ट धरून असतात. नखाने खरवडले तर सुटत नाहीत. चढवलेला हिरवा व्हिनेगर, मीठ, नवसागर किंवा अमोनियाच्या वाफेने येतो. तो बहुतेक वेळा निळसर आणि भुरभुरीत असतो, ओल्या कापसाच्या बोळ्यावर उतरतो. काळा रंग पोटॅशियम सल्फाइडने काही मिनिटांत आणता येतो. त्याची खूण म्हणजे तो सगळीकडे एकसारखा असतो, किंवा मग उंच जागांवर बफ (पॉलिश करायचं फिरतं चाक) फिरवून मुद्दाम उजळवलेला असतो आणि त्या उजळ जागेवर एकाच दिशेचे बारीक ओरखडे असतात. तुमच्या अडकित्त्याचा सर्वांत हिरवा भाग आहे मुठीवर. जिथे तळहात रोज बसायचा, तिथे हिरवं साचेलच कसं? आणि साचलंच असेल तर ते वापर थांबल्यानंतरचं. मग ते खाचांतून बाहेर पसरायला हवं होतं. मुठीवर शिंपडल्यासारखे ठिपके आणि खाच कोरडी, हे उलटं झालं.

खऱ्या अडकित्त्यांचा डोळा तयार करायचा असेल तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात निवांत वेळ काढून जा. दिनकर ऊर्फ काकासाहेब केळकरांनी जन्मभर अशाच घरगुती वस्तू जमवल्या आणि तो सगळा संग्रह सरकारला दिला. तिथे अडकित्त्यांचा फार मोठा संच आहे. कोरीवकाम बघून झालं की खिळी बघा, सुपारी बसते ती जागा बघा. कोणता अडकित्ता रोजचा होता आणि कोणता फक्त पाहुण्यांपुढे यायचा, हे थोड्या वेळात तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

एवढं कळल्यावर हीच नजर कुठल्याही वस्तूवर लावता येते. भांड्यावर घातलेलं नाव घ्या. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर कोणाकडून कोणाला ते टिंबाटिंबांनी कोरायची रीत होती. ताज्या कोरीव अक्षराच्या कडेला धातूचा बारीक काटा उभा राहतो. कापसाचा बोळा फिरवला की तंतू अडकतात. वर्षानुवर्षं घासलेल्या भांड्यावर हा काटा गेलेला असतो आणि बोळा सरळ निघतो. नाव 'शके' घालून जुनं, पण बोळा अडकतोय, तर नाव नंतर घातलं आहे. तांबट आळीतल्या कारागिरांचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची ती चमकदार नक्षी, तीही अशीच वाचता येते. घागरीवर ज्या बाजूला ती कमरेवर टेकायची तिथले ठोके पुसट होतात आणि त्याच बाजूला पोचे जास्त असतात. बूड फरशीवर घासून पातळ होतं. सगळ्या अंगावर सारखे, नीट अंतराने पोचे असतील तर ते हातोडीने पाडले आहेत. तशी पोचे पाडलेली नवी भांडी मी पाहिली आहेत, आणि चांगल्या कारागिराच्या घडीव कामावर असे घाव घातलेले बघून वाईट वाटतं.

हार्मोनियम तर फार बोलकी. बायका साधारण काळी चार-पाचमध्ये (सप्तकातल्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला 'सा' धरून) गातात आणि पुरुष काळी एक-दोनमध्ये, त्यामुळे घरच्या पेटीत त्या त्या 'सा'च्या आसपासच्या पट्ट्या जास्त खोलगट होतात, आणि भात्याची कड डाव्या हाताच्या बोटांच्या जागी गुळगुळीत होते. सगळ्या पट्ट्या सारख्या पिवळ्या आणि सारख्या घासलेल्या असतील तर संशय घ्यावा. कोल्हापुरी चपलेचा जोड कधी दोन्ही पायांना सारखा झिजत नाही. एबोनाइटच्या (टणक केलेल्या रबराच्या) जुन्या फाउंटन पेनाचा काळा रंग उजेडाने आणि दमटपणाने तपकिरी-शेवाळी होतो, पण टोपणाखाली झाकलेला भाग काळाच राहतो. टोपण काढून बघायला एक क्षण लागतो. क्रोम चढवलेल्या पितळी केसच्या मनगटी घड्याळात घाम आधी पट्ट्याच्या खोबणीजवळचं आणि मागच्या बाजूचं क्रोम खातो. दर्शनी भागावर पितळ उघडं आणि मागची बाजू शाबूत असेल, तर तिथे कोणीतरी घासायचा कागद फिरवला आहे.

लाकडाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पुण्यात त्यात सर्वांत जास्त पैसा अडकतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे खचले, आणि पुढच्या काही दशकांत उरलेल्यांतलेही कित्येक पाडून इमारती झाल्या. त्या वाड्यांचं सागवान बाजारात आलं. लाकूड अस्सल जुनं, पण त्यातून केलेलं टेबल किंवा बाकडं गेल्या महिन्यातलं, असं पुष्कळ विकलं जातं. 'वाड्याच्या लाकडाचं' म्हणून विकलं तर मी त्या सुताराला मान देईन. लाकूड जळणात जाण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण तेच 'वाड्यातलं बाकडं' म्हणून विकलं तर ती फसवणूक आहे. ओळखायचं असेल तर खण बाहेर काढा आणि उलटे करा. पूर्वी दुसऱ्याच कामासाठी केलेली, आता कशालाच न जुळणारी खाच किंवा बुजवलेली खिळ्यांची भोकं दिसतील. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या बाबतीत बघा: किडा बाहेर पडताना गोल भोक पाडतो आणि त्याची वाकडीतिकडी नळी लाकडाच्या आत राहते. पृष्ठभागावर अर्धी उघडी पडलेली नळी दिसली, तर किडलेलं लाकूड नंतर कापून रंधलं आहे. ड्रिलने पाडलेलं भोक सरळ जातं, त्यात दाभण घातला की कळतं. नवं लाकूड जुनं दाखवायला पोटॅशियम परमँगनेटचं पाणी लावतात. जांभळं लावलं की थोड्या वेळात तपकिरी होतं. ते खणांच्या आतल्या, कधीच उजेड न लागलेल्या भागातही तितकंच गडद उतरतं, आणि तिथेच ते पकडलं जातं.

एक साधी तपासणी कोणालाही जमेल. लाकूड वाळताना तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. एका फळीतून कातलेलं जुनं पोळपाट फूटपट्टीने दोन्ही दिशांनी मोजा. कातताना गोल असलेलं पोळपाट किंचित लंबगोल झालेलं असतं. शिवाय मध्यभाग लाटण्याखाली दबलेला असतो. कागद घासून मध्यभाग खोलगट करता येतो, पण पोळपाट लंबगोल करायला कोणी जात नाही.

मग मुद्दाम जुनं करणं वाईटच का, असं तुम्ही विचाराल. माझ्या मते सगळं काही कोणाला काय सांगून दिलं यावर आहे. नाटकातला कंदील जुना दिसायलाच हवा, नाहीतर सगळा प्रवेश खोटा पडतो. मी त्यासाठी चहाचं पाणी, मेण, बूटपॉलिश, मुलतानी माती असलं, पुसलं तर निघेल असं साहित्य वापरतो आणि वस्तूच्या आतल्या बाजूला रंगाने खूण करून ठेवतो, म्हणजे ती उद्या भंगारातून बाजारात गेली तरी कोणाला ती जुनी म्हणून गळ्यात मारता येऊ नये. कोणाला नवा दिवा काळपट आवडला आणि दुकानदाराने तो नवा म्हणूनच विकला, तर माझी काहीच हरकत नाही. पण किंमत त्या 'जुन्या' शब्दाची लावली असेल तर ते खोटं आहे. आणि या हौसेची किंमत कधीकधी दुसराच कोणी मोजतो. जीन्स विटलेली दिसावी म्हणून कापडावर वाळूचा मारा करत असत. ती धूळ छातीत जाऊन तुर्कस्तानातल्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला, माणसं मेली, आणि २००९ मध्ये तिथे त्या पद्धतीवर बंदी आली. गुडघ्यावरचा विटका पट्टा स्वतः वापरून पाडायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि त्यात कोणाचं फुप्फुस जात नाही.

'पेशवेकालीन' या शब्दाबद्दलही सांगतो. पेशवाई १८१८ मध्ये संपली, म्हणजे विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ही वस्तू दोनशे वर्षांहून जुनी. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशी शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तूंचा विक्रीव्यवसाय करायला परवाना लागतो. रस्त्यावर चादर पसरून कोणी बेधडक 'अठराव्या शतकातलं' म्हणत असेल तर त्याचा त्याच्या शब्दावर स्वतःचाच विश्वास नाही, असं समजायला हरकत नाही. जुन्या बाजारात खऱ्या वस्तू निघतात, मी स्वतः तिथूनच अवजारं घेतो. पण त्या सहसा ओळीत मांडलेल्या काळ्या-हिरव्या नसतात. मोडीत दिलेल्या भांड्यांच्या ढिगात, पोचे आलेल्या, कोणाचं तरी नाव घातलेल्या असतात.

आता डब्याला 'अँटिक फिनिश' केलं तर काय होईल ते सांगतो, म्हणजे सुचवणाऱ्यांना उत्तर देता येईल. आधी पॉलिशवाला डबा आम्लात बुडवेल. आम्ल पितळेतलं जस्त आधी खातं, म्हणून जागोजागी गुलाबी-तांबूस डाग पडतील. मग बफ फिरवेल. झाकणाच्या कोपऱ्यांत उरलेल्या पानांच्या शिरा, अंगठ्याची दबलेली कड, पांढरी रेघ, सगळं दोन मिनिटांत जाईल. मग काळा रंग चढवेल. मीठ किंवा नवसागर वापरलं असेल तर क्लोराइड धातूच्या छिद्रांत राहतं, आणि हवेत ओल आली की ते पुन्हा पुन्हा धातू खातं. दर पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी वर येईल. पुसाल, पुढच्या जुलैत पुन्हा येईल. आणि आजीने रोज वापरलेल्या डब्यावर तिच्या हाताचं काही उरणार नाही, त्या जागी तीनचार तासांत आणलेला रंग असेल. अशा वस्तू माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा फार थोडं करता येतं, कारण गेलेला धातू परत आणता येत नाही.

त्यामुळे डब्याचं एवढंच करा. कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, मऊ सुती कापड. घासणी नाही, लिंबू नाही, चिंचही आता नको. वापरात होता तेव्हा चिंच ठीक होती, आता पत्रा पातळ झाला आहे. कोपऱ्यांतला पांढरा थर टोकरू नका. पूर्ण कोरडा करून मधमाशांच्या मेणाचा पातळ हात फिरवा आणि मऊ फडक्याने पुसून घ्या. वर्षातून एकदा पुरे. चुन्याचा कडक थर तसाच राहू दे. डबा अधूनमधून वापरला तर आणखी उत्तम. झाकण उघडताना कुरकुरत असेल तर बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. बिजागरीची तार एका बाजूने बाहेर आलेली दिसते, ती पितळी तारेनेच बदलून घ्या, आणि तिथे कोणाला डाख लावू देऊ नका. डाखाच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो आणि बिजागरी कायमची जाम होते.

अडकित्ता आहे त्या अवस्थेत डब्याशेजारी ठेवू नका. आधी त्यावरची हिरवी भुकटी मऊ ब्रशने काढा, मग तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला, आठवडाभर तरी. बॅटरीसाठी मिळतं तेच पाणी चालतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते नको. पातं या पाण्यात गंजेल, तेव्हा जमल्यास खीळ काढून पातं आधी वेगळं करून घ्या. नंतर सगळं उन्हात खणखणीत वाळवून मेण लावा. पुढच्या पावसाळ्यात हिरवं परत आलं नाही तर तो कपाटात ठेवायला हरकत नाही. ओतकाम जाड आणि मजबूत दिसतं, पोपटांचा आकारही देखणा आहे. एखाद्या धारवाल्याकडून चांगलं पोलादी पातं आणि नवी खीळ बसवून घेतली तर त्याने सुपारी नीट कातरता येईल.